'तारे जमीन पर' : सेलूतून पाहताना

सेलूत पालकांशी बोलायला बसलं की 'तारे जमीन पर'चं नाव निघतंच. परवा एक आई म्हणाली, "आमचं लेकरू बी त्या ईशानसारखंच हाय. शिकंल मागून." लेकरू साडेतीन वर्षांचं, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. त्या क्षणी मला या आवडत्या चित्रपटाचा थोडा रागच आला. का, ते सांगते.

२००७च्या या चित्रपटाचं काम मोठं आहे, हे आधी मान्य. 'ढ', 'आळशी' म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाकडे त्याने घराघरांत नव्याने पाहायला लावलं. ईशान तिसरीत दुसऱ्यांदा बसलाय; चित्रं अफलातून काढतो, बोलतो, खोड्या करतो. गाडी अडते ती मुख्यतः लिहिण्यावाचण्यात. अध्ययन अक्षमता अशीच असते. शाळा सुरू झाल्यावर ती नीट लक्षात येते.

विकासातला विलंब वेगळा. मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं हे टप्पेच लांबतात. अक्षरओळखीच्या कितीतरी आधी ते दिसतं. निकुंभ सर अशा मुलांच्या 'ट्युलिप्स' शाळेतही शिकवतात. म्हणजे दोन्ही जगं चित्रपटात आहेत, पण त्यांतला फरक प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. प्रेम आणि रंग दिले की झालं, एवढंच मनात राहतं.

दुसरी तक्रार उलट्या अक्षरांची. इंग्रजी बी-डीची अदलाबदल पडद्यावर चटकन कळते. मराठी वहीत काना-वेलांट्या गळतात, जोडाक्षरं अडतात, वाचन रखडतं. शिवाय नुसती वही हा पुरावा नव्हे. आधी कान-डोळे तपासायचे, मग बुद्धिमापन. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन ज्याची शाळा बुडाली, त्याला वाचता येत नसेल तर आधी ती हुकलेली शाळा मोजायला हवी.

म्हणून तुम्हीही आधी वय पहा. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी सरकारी नियमांत तिसरी इयत्ता किंवा आठवं वर्ष, यातलं जे आधी येईल, तो टप्पा आहे. बोलणं लांबलेल्या लेकराला तोवर थांबवून ठेवायचं नसतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. तोवर वाट पाहण्यापेक्षा सरळ सरकारी दवाखाना गाठा.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, "ताई, ईशान तिसरीत होता. आणि तो चांगला बोलत होता."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "मग कान कुठं दाखवावं?"