'प्रायव्हेट'ची मर्यादा : मानक, कंपायलर आणि मूल्यमापन

सी प्लस प्लसच्या अध्यापनात एक गोष्ट गृहीत धरली जाते : क्लासबाहेरून प्रायव्हेट सदस्याचा उल्लेख झाल्यास कंपायलर तो रोखतोच; न रोखल्यास दोष कंपायलरचा. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

एका क्लासच्या आत दुसरा क्लास लिहिल्यास आतील क्लासला बाहेरील क्लासचे प्रायव्हेट सदस्य वापरता येतात काय? १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार याचे उत्तर नकारार्थी होते. परवानगी देणारा कंपायलर सदोष ठरे. २०११ च्या मानकाने तीच परवानगी अधिकृत केली. अर्थात, पूर्वीचा दोष पुढे नियम झाला. याउलट, जीसीसीसारख्या मान्यवर कंपायलरमध्येही टेम्प्लेटच्या संदर्भात ही तपासणी चुकल्याच्या नोंदी आहेत. ते खरे दोष होत.

नवी मुंबईसह महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरला गेलेला टर्बो सी प्लस प्लस ३.० तर १९९८ च्या मानकापूर्वीचा आहे. त्याचाच निर्णय प्रमाण मानून प्रात्यक्षिक परीक्षेत गुण कापणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे.

शिवाय ही तपासणी कंपाइल करतेवेळी केवळ नावांची होते. प्रोग्राम चालू असताना पॉइंटरद्वारे मेमरीतील तीच माहिती वाचता येते. म्हणून 'प्रायव्हेट'ला माहितीची सुरक्षितता म्हणणे अयोग्य आहे. अनवधानाने होणाऱ्या चुका टाळणे एवढेच त्याचे प्रयोजन.

सारांश, प्रश्नपत्रिकेवर अभिप्रेत मानकाचे वर्ष व कंपायलरची आवृत्ती नमूद असावी आणि परीक्षकाने कंपायलरच्या मौनापेक्षा नियमाचा आधार घ्यावा.