लाकडी जहाजांच्या प्रतिकृती : हात कसलेले, नजर अडकलेली

लाकडी जहाजाची प्रतिकृती समोर आली की बहुतेकांची नजर डोलकाठ्यांवर, दोरखंडांवर आणि तोफांवर जाते. जाणकार खाली वाकून नाळेजवळच्या फळ्या पाहतो. जहाजाचं पोट मध्यावर फुगीर असतं, नाळेकडे आक्रसतं आणि सुकाणूकडे जाताना खोल होत जातं. त्यामुळे फळ्यांना मिळणारी जागा दर बरगडीला बदलते. कागदाची पट्टी बरगड्यांवर गुंडाळून ती जागा मोजायची, तिचे सारखे भाग पाडायचे आणि मगच प्रत्येक फळी कुठे किती निमुळती करायची ते ठरवायचं. हे न करता सरळ पट्ट्या चिकटवत गेलं, की शेवटी पाचरी मारून फटी बुजवाव्या लागतात. या कलेने अलीकडच्या दशकांत सर्वांत मोठी मजल मारली ती याच कामात, असं मला वाटतं.

विसाव्या शतकात इटलीतल्या अमाती, मँटुआ, कोरेल अशा कंपन्यांनी तयार संच विकायला सुरुवात केली आणि हा छंद घराघरांत नेला. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण संचाने काही वाईट सवयीही लावल्या. प्लायवूडचे आडवे पडदे, त्यांवर फळ्यांचे दोन थर आणि वरचा थर बहुधा अक्रोडाचा. अक्रोडाच्या लाकडातलं छिद्र सुमारे 0.2 मिलिमीटरचं असतं. 1:64 प्रमाणात मोजलं तर मूळ जहाजाच्या फळीवर ते जवळजवळ 13 मिलिमीटरचं होईल, म्हणजे बोट जाईल एवढं. म्हणून कसलेले कारागीर बॉक्सवूड किंवा नासपतीचं बारीक पोताचं लाकूड वापरतात. दुसरी सवय सरळ पट्टी जबरदस्तीने वाकवण्याची. फळी पसरट बाजूने सहज वाकते, धारेच्या बाजूने सहजी वाकत नाही. यावर जुना उपाय असा, की रुंद पातळ पट्टीतून हवी तशी वक्र फळीच कापून काढायची. अमेरिकेतले चक पासारो यांनी दुसरी, सोपी रीत लोकप्रिय केली : पट्टी ओली करायची, चिमट्यांनी धारेवर वाकवून धरायची आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने वाळवायची. ज्यांना नाळेजवळचं काम कधीच जमलं नसतं, अशा कितीतरी जणांना ते या रीतीने जमलं.

बरगड्यांच्या बाबतीत दोन घराणी दिसतात. हॅरल्ड हान यांनी सांगाडा चौकटीत उलटा बसवून बांधायची पद्धत रूढ केली. ती नेटकी आहे, शिकाऊ हाताला सांभाळून घेणारी आहे, पण गोदीतल्या बांधणीशी ती प्रामाणिक राहत नाही. फ्रान्सच्या झाँ बुद्रियो यांनी 1973 ते 1977 या काळात 74 तोफांच्या जहाजावर चार खंड काढले. एकेक तुळई कशी जोडायची, कुठे कोणता खिळा येतो, हे त्यात इतक्या बारकाईने आहे की त्यानंतर अंदाजाने काम करायला सबब उरली नाही. माझा कल बुद्रियो यांच्याकडे आहे.

आणि या कारागिरांमधला जिव्हाळा! इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत 1797 ते 1814 या काळात फ्रेंच युद्धकैद्यांनी शिध्यातल्या मांसाची हाडं घासून जहाजं घडवली. आज त्यांतली काही संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. आता हाल नाहीत, देवाणघेवाण मात्र भरपूर आहे. 1948 मध्ये स्थापन झालेल्या नॉटिकल रिसर्च गिल्डसारख्या संस्था नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याचे पाठ तयार करतात. अनेक जण एकाच वेळी एकच जहाज बांधायला घेतात, म्हणजे पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला वेळेत कळते. आपली युक्ती कोणी लपवून ठेवत नाही. फळी चुकली तर ती काढ, असं अनोळखी माणूसही सरळ सांगतो आणि पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, हेही सांगतो. माझ्या मते शिकवण्याची याहून उमदी रीत नाही.

हाच स्पष्टपणा विषय निवडताना मात्र गप्प बसतो. पुन्हा एकदा ‘व्हिक्टरी’, पुन्हा ‘कॉन्स्टिट्यूशन’, पुन्हा ‘बाउंटी’. का, असं फारसं कोणी विचारत नाही. कारण नकाशे. ज्या आरमाराने कागद जपले, त्याचीच जहाजं पुन्हापुन्हा बांधली जातात. मुंबईचं उदाहरण बोलकं आहे. ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधली, 1817 मध्ये ती पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. तिचे नकाशे ‘जावा’ या जहाजाबरोबर निघाले होते. ते जहाज 1812 मध्ये अमेरिकनांनी पकडलं, त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले. ही नौका आज कोणालाही मापाबरहुकूम बांधता येईल, ती ब्रिटिश आरमाराची होती म्हणून. याच किनाऱ्यावरची फत्तेमारी आणि गलबतं कारागिरांनी नजरेच्या मापाने बांधली, म्हणून ती प्रतिकृती करणाऱ्यांच्या टेबलांवर क्वचितच दिसतात.

नकाशे नाहीत ही सबब मला पुरेशी वाटत नाही. फ्रेंच नौदलातले एडमाँ पारी यांनी प्रवासात युरोपाबाहेरच्या नौका मोजून रेखाटल्या. 1840च्या दशकात त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे लूव्रमधल्या नौसंग्रहालयासाठी त्यांनी अशा नौकांच्या प्रतिकृतीही करवून घेतल्या. आपल्याकडे तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज गोव्यात उभं राहिलं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या, आयआयटी मद्रासने त्याची प्रतिकृती पाण्यात तपासली आणि 2025 मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं.

प्रतिकृती करणाऱ्यांसाठी खरं आव्हान इथे आहे. शिवलेल्या नौकेत आधी फळ्यांचं कवच उभं राहतं, बरगड्या मागून येतात. म्हणजे बुद्रियो आणि हान दोघांची रीत उलटी करावी लागेल. काढता येणाऱ्या साच्यावर फळी धारेला धार भिडवून बसवायची, धारेलगत बारीक ड्रिलने भोकं पाडायची, टाका ओढायचा आणि सगळे टाके घट्ट झाले की साचा काढून आत बरगडी घालायची. 1:24 प्रमाणात हे जमण्यासारखं आहे. फळी वाकवायच्या त्या सोप्या रीतीसारखीच याचीही उघड, पायरीपायरीने केलेली मांडणी कोणीतरी करायला हवी, आणि ती मराठीत झाली तर मला फार आनंद होईल.