अभंगाच्या घाटाकडून कथनाकडे : नारायण सुर्वे यांची कविता

नारायण सुर्वे यांच्या कवितेची चर्चा बहुधा तिच्या आशयाभोवती, कामगारजीवन आणि मार्क्सवादी जाणीव यांभोवतीच फिरत राहिली आहे. घाटाचा प्रश्न त्यामुळे उपेक्षित राहिला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहाची शीर्षककविता सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोठ्या अभंगाचा साचा उचलते. ब्रह्मरूप असलेल्याला हक्काची खोली नाही, हा तिच्यातील उपरोध त्या साच्यावाचून संभवतच नाही : संतपरंपरेने पवित्र केलेली लय चाळीतल्या विवंचनेला बहाल होते. परंतु अभंगात बोलणारा ‘मी’ एकटाच असतो आणि चौथ्या चरणाशी त्याचे म्हणणे मिटते. इतरांना तेथे बोलायला जागा नसते.

‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या शीर्षककवितेत ही जागा निर्माण होते. गॉर्कीच्या आत्मकथनाची आठवण देणाऱ्या या दीर्घ कवितेत माणसे आणि घटना क्रमाने येतात. ओळ लांबते, बोलण्याच्या ओघाने तुटते. क्वचित निवेदक घटनेवर भाष्य लादतो आणि तेथे कविता खरोखरच सैल होते. पण तेवढ्यावरून या वळणाला गद्यप्रायतेचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. लय येथे संपत नाही, ती अक्षरगणनेतून उच्चारात स्थलांतरित होते.

‘शीगवाला’ या कवितेत हे स्पष्ट दिसते. लिहीत बसलेला पोर जवळजवळ मूक आहे. बोलतो तो खाटीक दाऊदचाचा, मराठी आणि हिंदुस्थानी यांची सरमिसळ करीत. ही भाषा कुठल्याही वृत्तात बसवावयाची तर आधी ‘शुद्ध’ करावी लागली असती, आणि शुद्ध होताच दंग्याची ती साक्ष खोटी पडली असती. (१९७० व १९८४ चे दंगे पाहिलेल्या भिवंडीत किंवा लगतच्या राहनाळमध्ये ही कविता वाचणाऱ्यास हे निराळे सांगावे लागू नये.)

‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ मध्ये तर कवी पूर्णपणे बाजूला सरतो. मुलाला शाळेत घालायला आलेली वेश्या बापाच्या नावाच्या रकान्यापुढे अडते व मास्तरांनाच विनविते. मास्तरांचे उत्तर कवितेत नाही.