दोन पुस्तकं, एक प्रश्न

'अमुक आणि तमुक या साहित्यकृतींची तुलना करा.' मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच. उत्तराचा साचाही ठरलेला. आधी लेखकांचा परिचय, मग एका पुस्तकाचा सारांश, मग दुसऱ्याचा, त्याखाली 'साम्ये', त्याखाली 'भेद', आणि शेवटी दोन्ही कृती आपापल्या जागी श्रेष्ठ असल्याचा निर्वाळा. असे निबंध मी बरेच वाचलेत. त्यांत चूक काही नसते. फक्त तुलना नसते.

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) घेऊ. साम्यं पटापट सुचतात: दोन्ही दलित आत्मकथनं, दोन्हींत गाव ते मुंबई हा प्रवास, शिक्षण, आंबेडकरी चळवळ. भेदही सोपे: एक नगर जिल्ह्यातलं, एक कोकणातलं, एक पुरुषाचं, एक बाईचं, मध्ये २५ वर्षं. सगळं खरं आहे. पण या मुद्द्यांचा क्रम उलटापालटा करून पाहा. काही बिघडत नाही ना? मग तो निबंध नव्हे, यादी आहे.

यादीचा निबंध व्हायला एक प्रश्न लागतो, आणि तो दोन्ही पुस्तकांना विचारता आला पाहिजे. मला तो शीर्षकांतच सापडतो. बलुतं म्हणजे जातीनं वाट्याला आलेल्या गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. काम नाकारायची सोय नाही, वाटा किती ते आपल्या हातात नाही. आयदान म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या. वडील गेल्यावर लेखिकेची आई ती विणून घर चालवते. दोन्ही नावं कष्टांची आहेत. तर प्रश्न असा: हे कष्ट नेमके कोणाचे, आणि त्यांचा हिशेब कोण मांडतं?

हा प्रश्न घेऊन 'आयदान'कडून 'बलुतं'कडे परत या. कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद वेचतात, हे तिथं पानोपानी आहे. पण शीर्षक नाव देतं ते गावानं जातीला दिलेल्या वाट्याला. त्या वाट्यात घरातल्या बाईचा वाटा किती, हा प्रश्न पहिल्या वाचनात मला पडला नव्हता. तो 'आयदान'नं पाडला.

इथं एक सोपं वाक्य मोहात पाडतं: पुरुषानं झाकलं, बाईनं उघड केलं. ते लिहू नका. सईवरचा संशय आणि तिची ताटातूट दया पवार स्वतःला न वाचवता सांगतात. आपल्या सिद्धान्ताला अडचणीचा ठरणारा असा प्रसंग गाळायचा नसतो. तो निबंधाच्या मधोमध ठेवायचा असतो.

आता उलट दिशेनं. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला माणूस आपल्याच जुन्या रूपासमोर अवघडून बसलेला. 'आयदान'मध्ये अशी फाळणी नाही. निवेदिका डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीची वाट चालणाऱ्या बायांबरोबरच बोलू लागते. तिची ओढाताण पुढे, शहरातल्या घरात सुरू होते. ती एम.ए. करते, लिहिते, तेव्हा घरकामाचं काय, हे तिलाच विचारलं जातं. जन्मानं पदरात पडलेलं, नाकारता न येणारं काम ही 'बलुतं'नं दिलेली नजर आहे. ती वापरली की या सुशिक्षित घरातही गावकी दिसू लागते.

हे एवढं दिसलं की मांडणी आपोआप ठरते. एक पुस्तक संपवून दुसरं घेतलं, तर दोन वेगळे निबंध शिवल्यासारखे होतात. मुद्दागणिक आलटून-पालटून गेलं, तर मान इकडून तिकडे वळवून वाचकच दमतो. त्यामुळे मी जाणं-येणं पसंत करतो: 'बलुतं', मग 'आयदान', मग पुन्हा 'बलुतं'. पहिल्याच परिच्छेदात प्रश्न आणि आपलं म्हणणं. पुढच्या प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी, आधीच्या वाचनात काय बदललं ते. दोघांना सारखी पानं द्यायलाच हवीत असंही नाही. निबंध म्हणजे वाटणीपत्र नव्हे.

ही फक्त मार्कांची गोष्ट नाही. 'आयदान म्हणजे बाईचं बलुतं' असं एकदा म्हटलं की नंतरचं पुस्तक आधीच्याची पुरवणी होऊन बसतं, आणि आधीचं पुस्तक मापाची काठी. दोन्हींचं नुकसान.

शेवट करताना श्रेष्ठ कोण, हे सांगायची गरज नाही. एकेकटं वाचताना जे दिसलं नसतं, ते एका वाक्यात सांगता आलं तर पुरे. नाही आलं, तर जोडी बदला.