अतिमानवी सामर्थ्य आणि मराठी कुमारकथा

अतिमानवी शक्ती लाभलेला नायक हा पाश्चात्त्य कुमारसाहित्याचा एक ठळक विशेष होय. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मात्र सायकल, चपळाई व तल्लख बुद्धी यांच्याच बळावर संकटे परतवतो. सामर्थ्य दैवी नसून कमावलेले असते, हा या कथांचा मूल्याशय होय. तथापि दोन्ही परंपरांत खलनायकाला चेहरा असतो आणि विजय प्रामुख्याने एकट्याचा असतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांलगत पुनर्वसित झालेला माहुलचा कुमारवाचक या चौकटीत बसत नाही. त्याचे संकट हवेतच आहे. माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ मधील निर्णय विस्थापितांच्या सामूहिक लढ्यातून आला. हे सामूहिक सामर्थ्य मराठी कुमारकथेत अभावानेच आढळते, ही तिची मर्यादा होय.