धुळाक्षरे आणि उजेडाची लेखणी

लिहायला शिकण्याच्या पहिल्या पायरीला मराठीत ‘धुळाक्षरे’ म्हणतात. आज हा शब्द रूपक म्हणूनच उरला असला, तरी धूळपाटी ही खरोखरीची वस्तू होती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, फळी हलवली की अक्षर गेले. त्यामुळे वर्गातल्या डिजिटल फळ्याविषयी ‘इथले अक्षर टिकत नाही’ असा जो आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात, तो मला पटत नाही. आपली अक्षरओळख पुसल्या जाणाऱ्या पृष्ठभागावरच होत आली आहे. आक्षेप घ्यायचाच, तर तो वेगळ्या जागी घ्यायला हवा, आणि त्यासाठी हे यंत्र लिहिते कसे ते आधी पाहावे लागेल. साहित्याच्या अंकात तारा आणि दिवे कशाला, असे कोणी विचारील. पण लेखणीची चर्चा साहित्याबाहेरची कधीपासून झाली?

पडद्यावर पेन टेकवून रेघ काढण्याची कल्पना बरीच जुनी आहे. गंमत अशी, की पहिले ‘लाइट पेन’ उजेड टाकत नव्हते, उजेड घेत होते. १९६३ साली आयव्हान सदरलँड यांनी एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. त्यातले पेन असेच होते. पडद्यावर ठिपका पेटला की पेनातला प्रकाशग्राही तो टिपायचा. त्या क्षणी कोणता ठिपका पेटवला आहे हे संगणकाला ठाऊक असल्याने पेन कुठे आहे ते त्याला समजायचे. पडद्याच्या काळ्या भागात मात्र हे पेन आंधळे. म्हणून पेनाच्या टोकाखाली उजेडाची एक फुली ठेवावी लागे, आणि पेन सरकेल तशी ती फुली मागोमाग सरकवली जाई. उभ्या पडद्यापुढे हात उचलून धरल्याने तो भरून येतो, ही या पेनाविषयीची कायमची तक्रार. फळ्यापुढे तीस-तीस वर्षे हात उचलून धरणाऱ्या आपल्या गुरुजींना आणि बाईंना हे कोणी विचारले नव्हते, एवढेच!

पुढे हे नाते उलटले. पेन उजेड टाकू लागले आणि पाहण्याचे काम फळ्याकडे गेले. याचे महागडे रूप म्हणजे प्रकाशसंवेदी पटल. पातळ पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे सिलिकॉनचा एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. त्यावर उजेड पडला की त्यातून थोडा प्रवाह झिरपतो. साध्या पडद्यात हा दोष मानतात आणि काळे आवरण घालून तो झाकतात. या पटलात तोच दोष कामाला लावलेला असतो. पेनाचा उजेड जिथे पडेल तिथला प्रवाह वाढतो आणि तिथे ठिपका उमटवला जातो.

स्वस्त रूप २००७च्या अखेरीस जॉनी चुंग ली या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकाने दाखवले. निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळाच्या रिमोटमध्ये अवरक्त उजेड पाहणारा एक कॅमेरा असतो. तो सेकंदाला शंभर वेळा पाहतो आणि एका वेळी चार ठिपके ओळखतो. तो प्रोजेक्टरच्या साध्या पडद्याकडे रोखायचा आणि अवरक्त दिव्याच्या पेनाने पडद्यावर लिहायचे. या पेनाला लागते काय? टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला एक एलईडी, एक दाबबटण, एक सेल, वाळलेल्या स्केचपेनची नळी आणि कथिलाचे दोन-चार डाग.

आता आक्षेपाची जागा सापडते. खडूने किंवा काडीने लिहिताना हात आणि अक्षर यांच्या मध्ये तिसरे कोणी नसते. उजेडाच्या पेनाचे टोक मात्र फळ्यावर काहीच उमटवत नाही. ते फक्त ‘मी इथे आहे’ एवढे सांगते. कोणीतरी ते पाहतो, हिशेब करतो आणि रेघ काढतो. हात पुढे जातो, रेघ मागून येते. मोठ्या माणसाला हे अंतर जाणवतही नाही. पण जे मूल पहिल्यांदा ‘क’चे पोट वळवते आहे, ते हाताकडे नव्हे, रेघेकडे पाहून वळत असते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. बाळबोध अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी समान असाव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, इथपर्यंत त्यांचा विचार गेला आहे. मराठीतली हस्ताक्षराची पहिली समीक्षा म्हणून मी हा समास वाचतो. त्यातली प्रत्येक सूचना साधनाच्या अंगाने येते: बोरू, शाई, कागद. साधनाने हाताला केलेला विरोध हाच तिथे शिक्षक असतो.

उजेडाच्या पेनाला असा विरोधच नाही. शिवाय त्यात देवनागरीची एक खास अडचण आहे. इंग्रजी वळणदार लिपीत शब्द संपेपर्यंत हात उचलावा लागत नाही. ‘फैजपूर’ लिहून पाहा: दोन मात्रा, ऊकार, शेवटी शिरोरेघ धरून हात नऊ-दहा वेळा तरी उचलला जातो. घरगुती पेनात प्रत्येक वेळी बटण सोडायचे आणि पुन्हा दाबायचे. बोटाचा जो दाब अक्षराला जायचा, तो बटणाला जातो. टोकातच बटण असलेली पेने याहून बरी. पण ती खटकन बंद व्हायच्या आत पुढची रेघ सुरू झाली, तर मात्रा अक्षराला चिकटते.

दुसरी अडचण शरीराची. कॅमेऱ्याला पेनाचे टोक दिसले पाहिजे. लिहिणारा मध्ये आला की अक्षर तुटते. म्हणून कॅमेरा बाजूला तिरपा लावतात आणि बाई अंग चोरून लिहितात. तिसरी अडचण आमच्या खानदेशातल्या उन्हाची. सूर्यप्रकाशात अवरक्त उजेड भरपूर असतो. खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर आली, की कॅमेरा तिलाच पेन समजू शकतो. मग खिडक्या लावायच्या, पत्र्याच्या खोलीत उकडत बसायचे आणि वीज जाण्याची वाट पाहायची.

यावर कोणी बहिणाबाईंचे उदाहरण देईल. असोद्याच्या या कवयित्रीला लिहिता येत नव्हते. तिच्या ओव्या घरातल्यांनी कागदावर उतरवल्या आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. दुसऱ्याच्या हाताने लिहिले म्हणून त्या उण्या झाल्या काय? नाहीत. पण तो लेखनिक तिच्या जात्याजवळ वाढलेला होता, तिची बोली त्याची बोली होती. पटलामागच्या लेखनिकाला मात्रा आणि चुकून उठलेली रेघ यांतला फरक कळत नाही.

१९८७ पासून राबवलेली ‘खडू-फळा’ मोहीम आणि २०१९चे ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ ही नावे एकाखाली एक लिहिली, तर मधल्या बत्तीस वर्षांचा प्रवास दिसतो. पहिल्या योजनेला शाळेत फळ्यासारख्या किमान सोयी तरी असाव्यात एवढेच हवे होते. दरम्यान २०१५ नंतर महाराष्ट्रात गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. त्या वर्गणीविषयी मला आदर आहे. प्रश्न वस्तूच्या निवडीचा आहे, आणि त्यासाठी फैजपूरकडे स्वतःचा मापदंड आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन इथे भरले. अध्यक्ष पंडित नेहरू. मंडपाची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली ती एका अटीवर: साहित्य गावात मिळते तेच आणि हात गावचेच. बांबू आणि तट्ट्यांचे ते टिळकनगर उभे राहिले. मोडले असते, तर इथल्याच माणसाने दुरुस्त केले असते.

या मापाने सीलबंद पटल नापास होते. त्याचा एक कोपरा दिसेनासा झाला, तर तालुक्यात कोणी त्याला हात लावत नाही, आणि पुढे ते नुसता मोठा टीव्ही होऊन भिंतीवर राहते. स्केचपेनच्या नळीतले पेन मात्र, त्याच्या सगळ्या खोडींसह, पास होते. ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर उघडता येते. त्याच्याकडून धुळाक्षरांची अपेक्षा करू नये. पहिलीच्या मुलाला पाटी आणि पेन्सिलच द्यावी. सहावी-सातवीच्या मुलांनी नकाशावर तापीचा मार्ग दाखवावा, कोन मोजावेत, दोघांनी दोन पेने घेऊन एकाच आकृतीवर काम करावे; त्या कॅमेऱ्याला चार ठिपके दिसतातच.

आणि हे पेन मुलांनीच जोडावे. एलईडी उलटा बसला तर पेटत नाही. सरळ बसला तरी पेटलेला दिसत नाही, कारण अवरक्त उजेड डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी साधा मोबाइल समोर धरायचा. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात नळीच्या टोकाशी फिकट जांभळा ठिपका दिसतो.