घट्ट बहुमत आणि पाणी

इब्सेनचे ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ हे १८८२ मधील नाटक मी वर्गात शिकवतो. एकट्या माणसाची बहुमताशी झुंज म्हणून त्याचे कौतुक होते. मला मात्र डॉक्टर स्टॉकमनइतकाच छापखानेवाला अस्लाक्सेन महत्त्वाचा वाटतो. गावच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे, हा प्रश्न निघताच तो डॉक्टरला घट्ट बहुमताचा पाठिंबा देऊ करतो. तो खोटे बोलत नसतो. पण दुरुस्तीचा खर्च गावावर पडेल, स्नानगृहे दोन वर्षे बंद राहतील, असे महापौर सांगतो आणि पुढच्याच अंकात ते बहुमत डॉक्टरच्या विरोधात उभे राहते. पाणी तेच, अहवालही तोच.

ही पलटी आपल्याला नवी नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावर होता तोवर कोणाला बोचला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे ते पाणी प्यायली. ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने ठराव रद्द केला. आता त्या ठरावाची किंमत मोजायची वेळ आली होती.

परंतु डॉक्टरलाही मी सहज सोडणार नाही. चौथ्या अंकातल्या सभेत, लोक उलटल्यावर, तो सामान्यांना गावठी कुत्र्यांची आणि निवडकांना खानदानी पूडलची उपमा देतो. क्षुद्र मने वरच्या थरातही असतात, अशी पुस्ती तो जोडतो, हे खरे. पण माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. त्या वंशशास्त्रात माझी जागा कोणती? आर्थर मिलरने १९५० च्या रूपांतरात ही उदाहरणे वगळली. मी वगळत नाही. एकटा पडलेला माणूस कुठल्या तर्कापर्यंत घसरतो हे विद्यार्थ्यांना दिसले पाहिजे.

राजकीय बहुमत घडते, बिघडते. जातीय बहुमत जन्मानेच ठरते, हा भेद बाबासाहेबांनी १९४५ साली मांडला. इब्सेनचे गाव पहिल्या प्रकारचे आहे. अस्लाक्सेन उद्या पुन्हा फिरू शकतो. महाडात तसे फिरणे इतके सोपे नव्हते.

डॉक्टरला जनशत्रू ठरवणाऱ्या ठरावाला विरोध करणारा एकच असतो, तो दारुडा. मुले इथे हसतात. मला हसू येत नाही. आपल्याच एका संघटनेच्या बैठकीत मी विरोधासाठी उचललेला हात, भोवती पाहून, अर्ध्यावरूनच खाली घेतला आहे.